ठणका आणि ठोका

‘वेद’ आणि ‘वेदना’ हे दोन्ही शब्द ‘विद्’ या एकाच धातूपासून निघाले आहेत, असे आम्ही शाळेत ३१ वर्षे मुलांना सांगत आलो. विद् म्हणजे जाणणे. जाणण्याची एक वाट ग्रंथांतून जाते, दुसरी देहातून. पहिल्या वाटेवर आम्ही शिक्षक होतो. दुसऱ्या वाटेवर मात्र निवृत्तीनंतर आम्हांला पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसावे लागले. उजव्या खांद्यामागच्या फऱ्यात एक दुखणे येऊन वसले आणि चार वर्षे ते तिथून हलेना. त्या दुखण्यावर झालेल्या एका नव्या उपचाराची आणि त्या निमित्ताने जे काही उमगले त्याची ही हकीगत. कुणाची मान, कुणाची पाठ, कुणाचा खांदा वर्षानुवर्षे दुखत नाही असे घर आमच्या धर्मग्रामात विरळाच; म्हणून ती येथे सांगावीशी वाटली.

दुखण्याच्या बाबतीत आपली मराठी मोठी श्रीमंत आहे. नाडीच्या तालावर पडतो तो ठणका. येते आणि ओसरते ती कळ. विजेसारखी लखकन निघून जाते ती चमक. काट्यासारखा आत राहून जातो तो सल. वाकताना भरते ती उसण, पाय वाकडा पडला की येते ती लचक आणि दिवसभराच्या कष्टाने अंग मोडून येते तो शीण. एवढे सारे शब्द आम्ही मनात जुळवून गेलो होतो. डॉक्टरांनी विचारले ते एवढेच : “शून्य ते दहा यांपैकी किती दुखते?” आयुष्यभर दुसऱ्यांना दहापैकी गुण देणाऱ्याने स्वतःच्या खांद्याला किती द्यावेत? आम्ही सात दिले, रात्रीचे आठ. डॉक्टरांनी दोन्ही आकडे निमूटपणे टिपून घेतले. त्या आकड्यांचा उपयोग काय, हे आम्हांला पुढे कळावयाचे होते.

दुखण्याचे मूळ शोधायला फार दूर जावे लागले नाही. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर उचललेला असतो आणि आमचा हात तसा ३१ वर्षे उचलला गेला होता. त्यात गायनवृंदात आम्ही व्हायोलिन वाजवतो; बो धरणारा हातही उजवाच. हळूहळू असे होऊ लागले की, प्रवेशगीताला हलका वाटणारा बो अर्पणगीतापर्यंत जड होई आणि समारोपाच्या गीताला आम्ही वाद्य मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसू. रात्री कूस बदलली की जाग येई. एक्स-रे काढला, तो वयाच्या मानाने स्वच्छ निघाला. हाड ठीक, सांधाही ठीक. अहवाल स्वच्छ येणे ही आनंदाची गोष्ट खरी. पण दुखणाऱ्याची त्यात एक पंचाईत असते. कागद म्हणतो काही नाही आणि खांदा म्हणतो आहे. काही काळ डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर निभावले. पुढे रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसले आणि मूत्रपिंडांच्या काळजीने त्यांनी त्या गोळ्या बंद केल्या. आता गोळीवाचून हा खांदा चालणार, की व्हायोलिन पेटीत कायमचे मिटून ठेवावयाचे, असा प्रश्न उभा राहिला. ज्याला निवृत्तीनंतर रविवारची मिस्सा हीच आठवड्याची मोठी जबाबदारी, त्याला हा प्रश्न लहान नव्हता.

घरगुती उपायांत आम्ही काही कमी ठेवले नाही. कोमट तिळाच्या तेलाने मालीश झाले, निर्गुडीचा पाला वाफवून बांधला, एरंडाचे पान गरम करून लावले, तव्यावर भाजलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेक घेतला. शेकाने बरे वाटे, ते तास-दोन तास. मग आमच्या वृद्ध आत्याबाईंनी पायाळू माणूस शोधण्याचा सल्ला दिला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. आमच्या लहानपणी कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला बोलावणे जाई. दुखणाऱ्याने पालथे पडावयाचे आणि पायाळूने त्याच्या पाठीवरून पाय फिरवावयाचा. क्वचित हलकी लाथही हाणावयाची. ही समजूत महाराष्ट्रात गावोगाव आढळते. जन्मताना पाय पुढे आले म्हणून त्या पायात काही गुण उतरत असेल, असे आम्हांला वाटत नाही. पण दुखऱ्या जागी नेमका दाब किंवा ठोका बसला तर आखडलेले अंग सैल पडते, हा जुना अनुभव त्या समजुतीच्या तळाशी असावा. आत्याबाईंचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले. मात्र पुढे यंत्राखाली पालथे पडलो तेव्हा त्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

अखेर डॉक्टरांनी आम्हांला एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवले. तिने कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी आमच्या पाठीला हात लावला. तिची बोटे फऱ्यावरच्या स्नायूवरून सरकत सरकत एका जागी थांबली. तिथे दोरीसारखा ताठ झालेला एक पट्टा होता आणि त्यात वाटाण्याएवढी गाठ. ती दाबताच कळ थेट कोपरापर्यंत गेली.

“सर, दुखतं इथे आणि जातं तिथे, बरोबर ना?” तिने विचारले.

“बाळ, चार वर्षांत तू पहिलीच, जिला पत्ता सापडला,” आम्ही म्हणालो.

अशा जागेला वैद्यकात ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. या विषयाचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल (१९०१-१९९७) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. जॉन केनेडी हे त्या देशाचे पहिले कॅथलिक अध्यक्ष, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांची पाठ किती छळत असे, हे फारसे ठाऊक नसते. त्यांचे दुखणे जुने आणि गुंतागुंतीचे होते. ट्रॅव्हेलबाई त्यांच्यावर १९५५ पासून उपचार करीत होत्या आणि १९६१ साली त्या अध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. केनेडींची ती प्रसिद्ध झुलती खुर्ची त्यांच्याच सल्ल्याने आलेली. पुढे १९८३ साली डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी स्नायूंतील या दुखऱ्या जागांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या स्नायूतील गाठ कोणत्या दूरच्या जागी दुखते, याचे त्यात नकाशेच काढलेले आहेत.

गाठ होते कशी? सायमन्स यांनी मांडलेली उपपत्ती अशी की, स्नायूतील काही तंतू आखडतात आणि सैल होईनासे होतात. आखडलेले तंतू आपल्यामधूनच जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना आवळतात. रक्त कमी आले की प्राणवायू कमी मिळतो. स्नायूला सैल होण्यासाठीही शक्ती लागते. ती न मिळाल्याने तो आणखी आखडतो आणि साचलेली द्रव्ये तिथल्या मज्जातंतूंना डिवचत राहतात. आमच्या वसईच्या केळीच्या वाड्यांत पाटामध्ये एके ठिकाणी गाळ साचला की पुढची आळी कोरडी पडतात, तसेच हे. या उपपत्तीवर तज्ज्ञांत अद्याप वाद आहेत. पण वाडीत वाढलेल्या माणसाला ती पटकन समजते.

“सर, आपण शॉकवेव्ह देऊन बघू या,” त्या मुलीने सुचवले.

हा शब्द घरी पोहोचताच गहजब झाला. आमच्या सौ.नी ‘शॉक’ एवढाच अर्धा शब्द ऐकला. “अहो, खांदा दुखतो म्हणून करंट लावून घेणार? डोकं ठिकाणावर आहे ना?” वाचकांपैकी अनेकांची हीच समजूत होण्याचा संभव असल्याने आधीच सांगतो की, या उपचारात शरीराला विजेचा धक्का देत नाहीत. ‘शॉक’ म्हणजे येथे आघात. ध्वनी ही जशी दाबाची लहर, तशीच ही. मात्र फार तीव्र आणि फार अल्पजीवी. दाब एकाएकी वर चढतो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या किती तरी आधी उतरून जातो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो आणि आपले शरीर बहुतांशी पाणीच असल्याने त्यातूनही ही लहर साधारण त्याच वेगाने जाते. जिथे घनता बदलते, म्हणजे हाड, खडा किंवा ताठ झालेले ऊतक लागते, तिथे ती आपली शक्ती उतरवते.

या लहरींचा वैद्यकातील प्रवेश मोठा आडवाटेने झाला. जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी फ्रीड्रिशहाफेन येथे डॉर्निअर ही विमाने बांधणारी कंपनी होती. आपल्या तटरक्षक दलाची डॉर्निअर विमाने, जी कानपूरला परवान्याने बांधली गेली, त्यांचे मूळ तेच. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूला खड्डे पडत. ते का पडतात, याचा तेथील अभियंते शोध घेत होते. असे सांगतात की, १९६६ साली एका प्रयोगात वेगाने सोडलेला तुकडा लक्ष्यावर आदळला, त्याच क्षणी एका अभियंत्याचा हात त्या लक्ष्याला लागला आणि विजेचा झटका बसावा तसे त्याला झाले. तपासले तर वीज कुठेच नव्हती. आघाताची लहर त्याच्या हातातून गेली होती आणि हाताला कसलीही इजा झाली नव्हती. कातडीला न दुखवता ही लहर आत जाऊ शकत असेल, तर आतला एखादा खडा ती फोडू शकेल काय, असा प्रश्न त्यातून निघाला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिक येथे डॉ. ख्रिस्तियान चौसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाचा मुतखडा शस्त्रक्रियेवाचून फोडला. त्या काळी रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवावे लागे. मुतखड्यावरचा हा उपचार आज आपल्याकडेही सर्वपरिचित आहे.

मुतखड्यावरून ही लहर हाडांकडे वळली. मोडलेली पण सांधत नसलेली हाडे या लहरींनी जुळू लागतात, असे बल्गेरियातील वाल्चानू आणि मिखाइलोव या डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. त्याच दशकात जर्मनीत खांद्याच्या स्नायुबंधात साचलेल्या कॅल्शियमवर ती वापरली गेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००० मध्ये टाचेच्या जुनाट दुखण्यासाठी अशा यंत्राला प्रथम मान्यता दिली. स्नायूंतील गाठींकडे वैद्यांचे लक्ष वळले ते यानंतर. या प्रवासात उपचाराचा हेतूच पालटला, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटली. खड्याच्या बाबतीत फोडावयाचे असते. स्नायूच्या बाबतीत काहीच फोडावयाचे नसते. येथे शक्ती पुष्कळ कमी ठेवतात. ठोक्याने पेशींना जाग यावी, त्या जागी रक्ताचा ओघ वाढावा आणि कळ वाहून नेणाऱ्या तंतूंची चिडचिड शमावी, अशी अपेक्षा असते. तैवानमधील संशोधकांनी २००३ साली सशांवर प्रयोग करून, या लहरींनंतर स्नायुबंध आणि हाड यांच्या सांध्यावर नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, असे दाखवले. माणसाच्या आखडलेल्या स्नायूत नेमके काय घडते, याचा उलगडा मात्र अजून पुरता झालेला नाही.

यंत्रे दोन प्रकारची असतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण नाव दोन्हींना एकच दिले जाते. पहिल्या प्रकारात लहर एका बिंदूवर एकवटते, जसे भिंगाने ऊन एकवटावे, आणि ती खोलवर पोहोचते. दुसऱ्या प्रकारात दाबलेल्या हवेने एका नळीतली छोटी गोळी पुढच्या टोकावर आपटते आणि तो ठोका कातडीपासून आत पसरत जातो. वर अधिक, खोल जावे तसा कमी. भौतिकशास्त्राच्या काटेकोर भाषेत ही दुसरी लहर खरी आघातलहर नव्हेच, तिला दाबलहर म्हणतात. फिजिओथेरपीच्या लहान दवाखान्यांत बहुधा हीच असते आणि आम्हांलाही हीच मिळाली.

प्रत्यक्ष उपचार असा. आम्ही पालथे पडलो. मुलीने गाठीची जागा पुन्हा बोटांनी शोधून पेनने खूण केली, त्यावर सोनोग्राफीला लावतात तसला थंड जेल चोपडला आणि पिस्तुलासारखे दिसणारे एक हत्यार त्यावर टेकवले. बाजूला कॉम्प्रेसर गुरगुरत होता. मग सुरू झाली टकटक. सुतारपक्ष्याने आपल्याच पाठीचे खोड निवडावे तशी. दर सेकंदाला दहा ठोके आणि एका बैठकीत दोन हजार. हिशेब केला तर साडेतीन मिनिटेही होत नाहीत. पण पहिल्या दिवशी ती आम्हांला एखाद्या लांबलेल्या प्रवचनाएवढी वाटली. ठोका गाठीवर बसला की ओळखीची कळ कोपरापर्यंत जाई. “सर, तीच ओळखीची कळ आली की लगेच सांगा,” असे तिने बजावून ठेवले होते. कारण जागा बरोबर असल्याची तीच खूण. दुखणे सोसवेना झाले की ती हवेचा दाब कमी करी. आमचा फरा म्हणजे खाली हाडाची ढाल असलेली जागा. छातीच्या ज्या भागात स्नायूखाली लगेच फुप्फुस येते, तिथे हा ठोका देत नाहीत, हेही तिने समजावून सांगितले.

आठवड्याला एक, अशा पाच बैठका झाल्या. एका बैठकीचे दीड हजार रुपये. निवृत्तिवेतनातून ते देताना हात आखडतो, हे सांगावयास नकोच. पहिल्या बैठकीनंतर दोन दिवस खांदा अधिकच दुखला आणि जागा लालसर झाली. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे जाग आली ती घड्याळाने, खांद्याने नव्हे. तोवर गृहपाठही चालू होता : भिंतीला हात टेकवून ताण देणे, रबरी पट्टा ओढून फऱ्याचे स्नायू बळकट करणे, दर अर्ध्या तासाने खांदे फिरवणे. गृहपाठ न करणाऱ्या विद्यार्थ्यांची सारी कारणे आम्हांला पाठ असल्याने आम्हांला एकही कारण सांगता येईना. ती मुलगी प्रत्येक वेळी आधी विचारी : “सर, आज दहापैकी किती?” सात, सात, सहा, चार, अखेरीस तीन. आधीचे आकडे लिहून ठेवलेले होते म्हणूनच हा उतार दिसला. तीनचे शून्य झाले नाही आणि आता होईल असेही वाटत नाही. पण समारोपाच्या गीतापर्यंत बो हातात राहतो, आणि ते आम्हांला पुरेसे आहे.

येथे थांबून ‘शॉकवेव्हने बरे झाले’ असे लिहून टाकणे सोपे होते. परंतु शास्त्राचा निकाल इतका सरळ नाही. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १६६ रुग्णांवर झालेली चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. काहींना खरा उपचार मिळाला, काहींना नावापुरता. कोणाला कोणता, हे रुग्णांस ठाऊक नव्हते. तीन महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले आढळले. त्यानंतरच्याच वर्षी खांद्यात कॅल्शियम साचलेल्या १४४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत मात्र खऱ्या उपचाराचा गट स्पष्टपणे पुढे होता. खांद्याच्या स्नायुबंधांच्या दुखण्यावरील ३२ चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० साली घेतला आणि रुग्णाला जाणवेल असा लाभ फारसा आढळत नाही, असे मत दिले. मान आणि खांद्याच्या स्नायूंतील गाठींवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत अनेकींचा कौल अनुकूल आहे. पण त्या लहान आहेत आणि रुग्णांवर थोडेच आठवडे नजर ठेवलेल्या आहेत. मग आमच्या सातचे तीन कशाने झाले? ठोक्याने, व्यायामाने, काळाने, की एका मुलीने सहा आठवडे आमचे दुखणे खरे मानून त्यावर बोट ठेवले त्याने? ही श्रेयाची वाटणी आम्हांला करता येत नाही. ठोक्याने व्यायामापुरती वाट मोकळी करून दिली आणि पुढचे काम व्यायामाने केले, असे आमचे आपले मत आहे.

म्हणूनच बाजारापासून सावध राहावयास हवे. एका ठिकाणी आम्हांला खांद्याला हात न लावताच दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागण्यात आले आणि वर ‘गुडघेही करून घ्या’ असा आग्रह झाला. जो आधी बोटांनी तपासत नाही आणि नंतर व्यायाम सांगत नाही, त्याच्या यंत्राची किंमत कितीही असो, तिथून उठावे. गरोदर स्त्रिया, रक्त न गोठण्याचा विकार असलेले, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, त्या जागी कर्करोगाची गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेले, यांना हा उपचार देत नाहीत. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांवरही नाही. आणि दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, हातापायांतली शक्ती जात असेल, किंवा खांद्याच्या दुखण्याला छातीतली कळ आणि घाम यांची जोड असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. ती स्नायूची गोष्ट नसते.

आमचा खांदा सुधारलेला पाहून घरात पुढचे नाव निघाले ते सौ.चे. त्यांची मान आणि दोन्ही खांदे कैक वर्षे दुखत आहेत. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडावयाच्या, मग ओटीवर मांडी घालून मान खाली घालून गजरे ओवावयाचे, मग भरलेली टोपली उचलावयाची. हा त्यांचा अनेक वर्षांचा दिनक्रम. “मला काय धाड भरलीय? सवयीचं आहे ते,” हे त्यांचे ठरलेले उत्तर. लेकाने हट्टच धरला म्हणून त्या आल्या. मुलीने बोटे लावली, तेव्हा एक नव्हे, पाच गाठी सापडल्या. दहापैकी किती, यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत; मग हळूच म्हणाल्या, “नऊ.” हा आकडा त्या घरात प्रथमच उच्चारला गेला. परंतु हृदयाच्या दुखण्यामुळे त्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात. मुलीने ती चिठ्ठी वाचली आणि यंत्र बाजूला सारले. “काकू, तुम्हांला हे देता येणार नाही. तुम्ही दिवसभर कशा बसता ते मला दाखवा.”

मग त्या दवाखान्याच्या फरशीवर बसून गजरा ओवण्याची नक्कल झाली. उपचार ठरला तो असा : फुलांचे सूप मांडीवर न ठेवता छातीच्या उंचीवर येईल असे टेबल, खुर्चीला पाठ, अर्ध्या तासाने उठून मानेचे दोन व्यायाम, शेक, आणि टोपली दुसऱ्या कुणी उचलावयाची. टेबल लेकाने जुन्या फळ्यांचे बनवले. पहाटे कळ्या खुडावयास आता तो आणि सूनबाई जातात, गजरे आम्हीही ओवतो. पहिल्या आठवड्यात आमच्या गजऱ्यांना बाजारात कुणी हात लावला नाही, ही गोष्ट वेगळी. सहा महिन्यांनी सौ.च्या नऊचे पाच झाले. त्यांत एकही ठोका नव्हता.

आपल्या समाजात लांबलेल्या दुखण्याला ‘आपला क्रूस’ म्हणण्याची रीत आहे आणि त्या शब्दाने अनेकांना बळ दिले आहे, हे आम्ही जाणतो. पण चाळीसेत आपण दर शुक्रवारी क्रुसाची वाट करतो, तीत पाचवे स्थान कुरेनेकर शिमोनाचे आहे. तिथे क्रूस दुसऱ्याच्या खांद्यावर येतो. त्या स्थानापाशी गुडघे टेकणाऱ्या कित्येक स्त्रियांचे खांदे स्वतःच ठणकत असतात, आणि घरी गेल्यावर टोपली पुन्हा त्यांनाच उचलावयाची असते.

शॉकवेव्हचे यंत्र तुमच्या गावी असेल वा नसेल, परवडेल वा न परवडेल, मानवेल वा न मानवेल. त्याची चौकशी जरूर करा, आणि जाणत्या माणसाकडूनच करा. पण त्याआधी घरातल्या ज्या माणसाने आजवर कधीच तक्रार केलेली नाही, त्याच्याशेजारी बसून विचारा : शून्य ते दहा यांपैकी किती? उत्तर यायला वेळ लागेल. तो द्या. आकडा आला की कॅलेंडरवर त्या तारखेपुढे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात तो खाली उतरला की नाही, ते कळेल.